मोजमापे वाचून घरासाठी स्पीकर आणि ॲम्प्लिफायर कसे निवडावेत

घरात संगीत ऐकण्यासाठी चांगली साधने घ्यायचे ठरवले की माहितीचा तुटवडा जाणवत नाही. त्यातल्या कशावर भरवसा ठेवायचा, हा खरा प्रश्न असतो. विक्रेत्याच्या तोंडचा ‘भरदार’ आवाज आणि परीक्षकाच्या लेखातला ‘मोकळा’ आवाज यांचा अर्थ ज्याच्या त्याच्या मनावर अवलंबून असतो, आणि खोक्यावर ठळक छापलेल्या पीएमपीओच्या (क्षणिक कमाल शक्तीच्या जाहिराती मापाच्या) हजारो वॅटना तर कोणत्याही मान्य मानकाचा आधार नसतो. यंत्राने केलेली आणि कोणालाही पुन्हा पडताळून पाहता येणारी मोजमापे हा यावरचा सर्वांत भक्कम उपाय आहे, असे माझे ठाम मत आहे. मात्र ती योग्य क्रमाने वाचावी लागतात. स्पीकरच्या निवडीत मोजमापांचा उपयोग सर्वाधिक होतो, ॲम्प्लिफायरच्या निवडीत बराच होतो आणि डीएसीच्या (डिजिटल संकेताचे ॲनालॉग संकेतात रूपांतर करणाऱ्या यंत्राच्या) निवडीत फारच थोडा होतो. अनेक जण नेमकी उलट्या टोकाकडून सुरुवात करतात, कारण डीएसीचा निकाल एका आकड्यात मिळतो आणि स्पीकरचा निकाल समजून घेण्यासाठी कोणत्या वारंवारतेला किती आवाज येतो ते दाखवणाऱ्या आलेखासमोर शांतपणे बसावे लागते.

आलेखावरून आवाजाची पसंती कळते का, ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर प्रयोगांतून मिळालेले आहे. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये १९८० च्या दशकात स्पीकर पडद्याआड ठेवून आणि सर्वांच्या आवाजाची पातळी सारखी करून श्रवणचाचण्या घेतल्या. ब्रँड, किंमत आणि रूप नजरेआड झाल्यावर बहुतेक श्रोत्यांची पसंती सपाट आणि सुरळीत आलेख असलेल्या स्पीकरांकडे झुकते, असे त्यांत आढळले. पुढे हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह यांनी ७० स्पीकरांच्या मोजमापांवरून श्रोत्यांची पसंती वर्तवणारे सूत्र २००४ मध्ये मांडले. सूत्राने वर्तवलेले गुण आणि श्रोत्यांनी प्रत्यक्ष दिलेले गुण यांच्यातील सहसंबंध ०.८६ इतका होता (१ म्हणजे पूर्ण जुळणी). म्हणजे आलेख सर्व काही सांगत नाही, पण पुष्कळ सांगतो.

आधी खोली आणि अंतर

कोणतेही परीक्षण उघडण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात : खोलीची लांबी, रुंदी व उंची, स्पीकरपासून बसण्याच्या जागेपर्यंतचे अंतर, स्पीकर भिंतीपासून किती पुढे ठेवता येतील ते, आणि ऐकताना आपण खुर्चीवर बसतो की गादीवर. शेवटची नोंद क्षुल्लक वाटेल, पण स्पीकरच्या उभ्या दिशेतील आलेखाशी तिचा थेट संबंध आहे आणि त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

आपण काय ऐकतो हेही लिहावे. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्यातील खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर लागते, तर चार तारांच्या बास गिटारचा सर्वांत खालचा स्वर ४१ हर्ट्झवर असतो. शास्त्रीय गायन, नाट्यगीते आणि भावगीते ऐकणाऱ्याला पाच-साडेपाच इंची वूफरचा (खालचे स्वर देणाऱ्या भागाचा) चांगला बुकशेल्फ, म्हणजे कपाटावर मावणारा छोटा, स्पीकर पुरू शकतो. चित्रपट पाहणाऱ्याने आणि इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकणाऱ्याने मात्र सबवूफरसाठी (फक्त खोल बास देणाऱ्या वेगळ्या स्पीकरसाठी) पैसे आणि जागा आधीच राखून ठेवावी.

स्पीकरचा आलेख

वेळ खर्च करायचा तो येथे. स्पीकरचा आवाज आपल्यापर्यंत थेट येतो, तसाच भिंती, छत आणि फरशी यांवरून परावर्तित होऊनही येतो, म्हणून केवळ समोरून घेतलेले एक मोजमाप अपुरे ठरते. एएनएसआय/सीटीए-२०३४-ए या मानकात स्पीकरभोवती आडव्या आणि उभ्या वर्तुळात दर १० अंशांनी मिळून ७० मोजमापे घेतली जातात आणि त्यांतून काही सरासरी रेषा काढल्या जातात. या आलेखाला ‘स्पिनोरामा’ म्हणतात. पूर्वी यासाठी प्रतिध्वनिरहित कक्ष लागत असे. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या क्लिपेल कंपनीच्या निअर फील्ड स्कॅनरमुळे ही मोजमापे साध्या खोलीतही घेता येऊ लागली. ऑडिओ सायन्स रिव्ह्यू आणि एरिन्स ऑडिओ कॉर्नर या परीक्षण-संकेतस्थळांवरची स्पीकरची मोजमापे याच यंत्रावर घेतलेली आहेत, आणि ‘स्पिनोरामा’ नावाच्या संकेतस्थळावर निरनिराळ्या ठिकाणची मोजमापे एकाच मांडणीत शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात.

आलेख वाचण्यापूर्वी त्याची उभी पट्टी पाहावी. ५० डेसिबलच्या पट्टीवर खडबडीत दिसणारा स्पीकर १०० डेसिबलच्या पट्टीवर गुळगुळीत दिसतो. त्याचप्रमाणे रेषा किती ‘स्मूथ’ केली आहे तेही पाहावे. एक-तृतीयांश सप्तकाच्या सरासरीत बरेच दोष झाकले जातात. दोन स्पीकरांची तुलना एकाच पट्टीवर आणि शक्यतो एकाच परीक्षकाच्या मोजमापांवरून करावी. स्टीरिओफाइल मासिकाच्या जुन्या परीक्षणांत बासचा भाग मायक्रोफोन वूफरच्या अगदी जवळ धरून मोजलेला असतो आणि त्या पद्धतीमुळे वरच्या बासमध्ये एक फुगवटा दिसतो. तो स्पीकरचा दोष नव्हे, हे त्या परीक्षणांतही नमूद केलेले असते; पण चित्र पाहून मजकूर वगळणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही.

आता रेषांकडे वळू. ‘लिसनिंग विंडो’ ही समोरच्या नऊ मोजमापांची सरासरी असते. सोफ्यावर थोडे इकडे-तिकडे बसलेल्यांना येणारा थेट आवाज तिच्यावरून कळतो. ही रेषा १०० हर्ट्झपासून १० किलोहर्ट्झपर्यंत दीड डेसिबलच्या वर-खाली राहिली तर स्पीकर उत्तम समजावा. तीन डेसिबलपर्यंतचा चढउतार किमतीच्या मानाने स्वीकारता येतो. मात्र चढउताराची रुंदी महत्त्वाची असते. दोन-तीन सप्तकांवर पसरलेला दोन डेसिबलचा उंचवटा प्रत्येक गाण्यात ऐकू येतो, तर तितकाच खोल पण अरुंद खळगा सहसा कानाला जाणवतही नाही. २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यातल्या रुंद उंचवट्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तेथे कान सर्वांत संवेदनशील असतो. बुलंद तार सप्तकातली गायिका अशा स्पीकरवर बोचू लागते.

त्यानंतर ‘अर्ली रिफ्लेक्शन्स’ची, म्हणजे भिंती, छत आणि फरशी यांवरून लवकर परतणाऱ्या आवाजाची, रेषा पाहावी. आपल्याकडच्या घरांत ती जास्त महत्त्वाची ठरते, कारण उघड्या प्लास्टरच्या भिंती आणि चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स आवाज फारसा शोषत नाहीत. ही रेषा थेट आवाजाच्या रेषेसारखीच असावी आणि उच्च स्वरांकडे जाताना हळूहळू उतरत जावी. दोन रेषांमधले अंतर अचानक वाढले किंवा घटले, तर स्पीकर समोर एक आवाज देतो आणि बाजूला दुसरा. बहुधा हे वूफरकडून ट्वीटरकडे (उच्च स्वर देणाऱ्या भागाकडे) सूत्रे जातात तेथे, म्हणजे २-३ किलोहर्ट्झच्या आसपास घडते. हा भेद समजणे खरेदीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. समोरच्या आणि बाजूच्या रेषेत एकाच ठिकाणी सारखा उंचवटा असेल, तर तो ईक्यू (वारंवारतेनुसार आवाज कमी-जास्त करण्याची सोय) लावून जवळजवळ पूर्ण काढता येतो. दोन रेषांचे एकमेकींशी जमत नसेल, तर ईक्यूने एक सुधारताच दुसरी बिघडते. म्हणून ईक्यू वापरण्याची तयारी असणाऱ्याने दिशेनुसार सुरळीत वागणारा, पण समोरून किंचित वाकडा स्पीकर निर्धास्तपणे घ्यावा. समोरून सपाट, पण बाजूला भरकटणारा स्पीकर टाळलेला बरा.

उभ्या दिशेचा आलेख परीक्षणात बहुधा तळाशी असतो आणि बरेच वाचक तेथपर्यंत पोहोचत नाहीत. वूफर आणि ट्वीटर एकावर एक बसवलेल्या स्पीकरमध्ये कान ट्वीटरच्या पातळीपासून फार वर किंवा खाली गेला, तर क्रॉसओव्हरच्या (दोघांत स्वर वाटून दिले जातात त्या) ठिकाणी दोघांचा आवाज एकमेकांना खोडतो आणि खळगा पडतो. समजा, स्पीकर शोकेसवर आहे, ट्वीटर जमिनीपासून १२० सेंटिमीटरवर आहे आणि आपण दोन मीटर अंतरावर गादीवर बसलो आहोत. कान साधारण ७५ सेंटिमीटर उंचीवर येतो, म्हणजे आपण ट्वीटरच्या अक्षाखाली सुमारे १३ अंशांवर असतो. परीक्षणातील उणे १० आणि उणे २० अंशांच्या रेषा पाहून निर्णय घ्यावा. बैठकीवर बसून ऐकणाऱ्या घरांसाठी ट्वीटर वूफरच्या केंद्रात बसवलेले समअक्षीय स्पीकर फार सोयीचे असतात. केईएफचा एलएस५० मेटा हे त्याचे परिचित उदाहरण आहे.

बास किती खाली जातो याबाबत छापील आकड्यामागची अट वाचावी. एलएस५० मेटाचाच पल्ला ±३ डेसिबलच्या अटीवर ७९ हर्ट्झपासून सुरू होतो आणि उणे ६ डेसिबलच्या अटीवर ४७ हर्ट्झपासून. दोन्ही आकडे कंपनीने प्रामाणिकपणे दिलेले आहेत. जेथे अशी अट दिलेलीच नाही, तो आकडा हिशोबात धरू नये.

विरूपणाचे, म्हणजे डिस्टॉर्शनचे, आलेख बहुधा एक मीटरवर ८६ आणि ९६ डेसिबल अशा दोन पातळ्यांवर दिलेले असतात. बासमधल्या दोन-तीन टक्के विरूपणाला कान बराच सरावलेला असतो. मध्य सप्तकात मात्र ९६ डेसिबलला ते एक टक्क्याच्या वर जात असेल, तर तो स्पीकर मोठ्या हॉलसाठी घेऊ नये. छोट्या खोलीत हळू ऐकणाऱ्याला त्याच स्पीकरचा काहीच त्रास होणार नाही.

पसंतीच्या सूत्रातून आलेला एकत्रित गुण प्राथमिक चाळणीसाठी वापरावा, अंतिम निवडीसाठी वापरू नये. त्यात आवाजाची कमाल पातळी आणि विरूपण धरलेले नसते, आणि बासला मोठे वजन असल्यामुळे छोटे स्पीकर मागे पडतात. सबवूफर जोडणार असाल तर ‘सबवूफरसह’ दिलेला वेगळा गुण पाहावा. ५.८ आणि ६.१ या गुणांच्या स्पीकरांपैकी कोणता घ्यावा, हे आपल्या खोलीने आणि बैठकीने ठरवावे.

ॲम्प्लिफायर : वॅटचा हिशोब

किती वॅट लागतील, हे घरबसल्या काढता येते. स्पीकरची संवेदनशीलता २.८३ व्होल्टला एक मीटरवर किती डेसिबल, अशी दिलेली असते, २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमच्या भारात एक वॅट. समजा, ती ८५ डेसिबल आहे आणि आपण तीन मीटरवर बसतो. मोकळ्या जागेत या अंतराने सुमारे ९.५ डेसिबल घटतात. दोन स्पीकर आणि खोलीतील परावर्तने मिळून त्यांतले पाच-सहा परत मिळतात. म्हणजे एका वॅटला आपल्यापर्यंत साधारण ८१ डेसिबल पोहोचतात. सरासरी ७५ डेसिबलवर ऐकताना तबल्याच्या थापेसारखे क्षणिक उसळे २० डेसिबलने वर जाऊ शकतात, तेव्हा ९५ डेसिबलची तयारी हवी. त्यासाठी आणखी १४ डेसिबल, म्हणजे २५ पट शक्ती लागते. चॅनेलमागे २५ स्वच्छ वॅट पुरतात. पुढचामागचा विचार करून ५० घ्यावेत. संवेदनशीलता ९० असेल तर याच हिशोबाने आठ वॅट पुरतील. शंभर वॅटच्या मागे धावण्यापूर्वी हा हिशोब प्रत्येकाने स्वतःच्या खोलीसाठी जरूर करावा.

आता मोजमापांकडे. शक्ती किती ओहमला आणि किती विरूपणावर मोजली, हे दोन प्रश्न विचारावेत. टीपीए३२५५ ही टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेले छोटे ॲम्प्लिफायर हल्ली पुष्कळ विकले जातात आणि त्यांच्या खोक्यांवर चॅनेलमागे ३०० वॅट लिहिलेले दिसतात. चिपच्या माहितीपत्रकातला आकडा ४ ओहमला, १० टक्के विरूपणावर आणि पूर्ण व्होल्टेजवर ३१५ वॅट असा आहे. सोबत ३२ व्होल्ट, ५ ॲम्पियरचा अडॅप्टर असेल, तर तो स्वतःच १६० वॅटच्या पुढे जात नाही आणि ८ ओहमच्या स्पीकरला ३२ व्होल्टमधून गणिताने जास्तीत जास्त ६४ वॅट मिळू शकतात. वरच्या हिशोबाप्रमाणे तेवढे पुरतातही. खोक्यावरचा आकडा मनातून काढून टाकला की हे ॲम्प्लिफायर चांगला सौदा ठरतात.

क्लास डी, म्हणजे वरच्या चिपसारख्या स्विचिंग पद्धतीच्या, ॲम्प्लिफायरच्या परीक्षणात आणखी एक आलेख शोधावा : ४ आणि ८ ओहमच्या भारावर वारंवारतेचा प्रतिसाद. आउटपुटचा फिल्टर फीडबॅकच्या (आउटपुट तपासून चूक सुधारणाऱ्या मंडलाच्या) बाहेर असेल तर भार बदलताच उच्च स्वर एक-दोन डेसिबलने चढतात किंवा उतरतात, आणि स्पीकरचा अवरोध (ओहममध्ये मोजला जाणारा भार) तर प्रत्येक वारंवारतेला बदलत असतो. दोन्ही रेषा एकमेकींवर बसत असतील तर ॲम्प्लिफायर कोणत्याही स्पीकरशी सारखाच वागेल. स्पीकरच्या अवरोधाचा किमान बिंदूही पाहून ठेवावा. ‘८ ओहम’ म्हणून विकला जाणारा स्पीकर प्रत्यक्षात साडेतीन ओहमपर्यंत उतरू शकतो, म्हणून ॲम्प्लिफायरची ४ ओहमची मोजमापे चांगली असणे आवश्यक आहे.

केबलचा विषय दोन वाक्यांत संपतो. इलेक्ट्रिशियनकडे मिळणारी २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर तीन मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन ०.०५ ओहमपेक्षाही कमी रोध देते, आणि घरासाठी ती पूर्ण पुरेशी आहे.

डीएसी आणि सिनॅडचा आकडा

सिनॅड म्हणजे मूळ संकेत हा गोंगाट आणि विरूपण यांच्या बेरजेपेक्षा किती डेसिबलने वर आहे, याचे माप. ८० डेसिबल म्हणजे ०.०१ टक्का, १०० म्हणजे ०.००१ टक्का. सीडीच्या १६ बिटची सैद्धांतिक मर्यादा सुमारे ९८ डेसिबल आहे, आणि ॲपलचा यूएसबी-सी ते हेडफोन जॅकचा छोटा अडॅप्टर मोजमापांत जवळजवळ ९९ पर्यंत पोहोचतो. पंखा चालू असलेल्या खोलीत ४० डेसिबलचा आवाज आधीच भरलेला असतो. तेथे १०० आणि १२० यांतला फरक कानाला कळत नाही. सिनॅड ९५ च्या वर असलेल्या डीएसींत पुढची निवड सोयींवरून करावी : टीव्हीसाठी एचडीएमआय एआरसी किंवा ऑप्टिकल इनपुट, रिमोट, आणि दोन व्होल्टचे आउटपुट. ॲपलच्या त्या अडॅप्टरचे आउटपुट एक व्होल्टचे आहे आणि अनेक अँड्रॉइड फोनांवर त्याचा आवाज याहूनही कमी राहतो, हे त्याच्या बाबतीत ध्यानात असू द्यावे.

प्रयोगशाळेतल्या मोजमापांत घरातली घरघर दिसत नाही. केबल टीव्हीचा सेटटॉप बॉक्स, संगणक आणि ॲम्प्लिफायर निरनिराळ्या अर्थिंगवर असले की ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटींची गुणगुण सुरू होते, आणि महागडा डीएसी घेऊनही ती जात नाही. ऑप्टिकल केबलने विद्युत जोडणीच तुटते, म्हणून टीव्हीच्या बाजूला तिचा वापर करावा. ॲक्टिव्ह (आत ॲम्प्लिफायर असलेल्या) स्पीकरांना बॅलन्स्ड, म्हणजे बाहेरची गुणगुण रद्द करणारी, केबल लावावी.

खरेदी आणि घरची मोजणी

मॉडेलचे पूर्ण नाव परीक्षणाशी अक्षर न् अक्षर जुळवावे, कारण ‘मार्क टू’ झाल्यावर ट्वीटर आणि क्रॉसओव्हर दोन्ही बदललेले असू शकतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत घासाघीस करून किंमत कमी होते, पण आयात केलेल्या वस्तूची वॉरंटी भारतातील अधिकृत वितरकाची आहे की दुकानदाराची, हे बिलावर लिहून घ्यावे. परदेशातल्या नातेवाइकांकडून ॲम्प्लिफायर किंवा ॲक्टिव्ह स्पीकर मागवताना मागच्या पाटीवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ लिहिलेले आहे, याची खात्री करावी. दुकानातले श्रवण फार मनावर घेऊ नये. तेथील खोली वेगळी असते, आणि किंचित मोठ्याने वाजणारा स्पीकर नेहमीच अधिक चांगला वाटतो.

घरी आणल्यावर पहिले काम खोलीचे. १० बाय १६ फुटांच्या हॉलमध्ये लांबीमुळे सुमारे ३५ हर्ट्झला आणि रुंदीमुळे ५६ हर्ट्झला आवाज साचतो. छत साडेनऊ फुटांवर असेल तर त्याचा ५९ हर्ट्झ शेजारीच येऊन बसतो, आणि डग्ग्याची घुमक हवी त्यापेक्षा लांबते. स्पीकरचा पुढचा भाग मागच्या भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर १४३ हर्ट्झच्या आसपास खळगा पडतो. हे सर्व यूमिक-१ सारख्या कॅलिब्रेशन फाइलसह येणाऱ्या मायक्रोफोनने आणि रूम ईक्यू विझर्ड या मोफत प्रणालीने मोजता येते. बसण्याच्या जागी, कानाच्या उंचीवर मायक्रोफोन ठेवून आधी स्पीकर दहा-दहा सेंटिमीटरने पुढे-मागे सरकवून पाहावेत, आणि त्यानंतर ईक्यूला हात लावावा. ३०० हर्ट्झच्या खालचे उंचवटे कापावेत. खळगे भरण्याचा प्रयत्न करू नये, कारण तेथे लहरी एकमेकींना खोडत असतात आणि वाढवलेली शक्ती वाया जाऊन वूफरवर ताण येतो. ३०० हर्ट्झच्या वर परीक्षणातल्या आलेखावरून केलेली दुरुस्ती खोलीतल्या मोजणीपेक्षा जास्त विश्वासार्ह असते.

वस्तू परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी आणखी एक मोजणी करावी. डावा स्पीकर स्टँडवर ठेवून ट्वीटरच्या समोर एक मीटरवर मायक्रोफोन लावावा आणि मोजावे. मग मायक्रोफोन आणि स्टँड न हलवता त्याच जागी उजवा ठेवून मोजावे. दोन्ही रेषांत ३०० हर्ट्झच्या वर एका डेसिबलपेक्षा जास्त रुंद फरक दिसला, तर एका नगात दोष असण्याची शक्यता मोठी असते. मोजणी पुन्हा एकदा करून पाहावी, फरक कायम राहिला तर दोन्ही आलेख विक्रेत्याला पाठवावेत आणि जोडी बदलून मागावी.